लिहित्यांची सोबत

मराठी लेखनाच्या या कार्यशाळेसाठी चंदीगड, मोहाली, पंचकुल्यातून वही-पेन घेऊन आलेल्या बंधुभगिनींनो,



लिहायला बळ कुठून येतं, याचं उत्तर मला संत नामदेवांच्या घरात सापडतं. आई गोणाई, पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा ही मुलं आणि दळणकांडण करणारी जनाबाई, अशा सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. जात्यावर बसलेल्या जनीला रोज कानांवर पडणारे अभंग आणि आपलं ऐकणारी माणसं घरातच मिळाली. तेच नामदेव पुढे पंजाबात आले, घुमानला राहिले. इकडच्या लोकांना कळेल अशा भाषेतली त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. 2015च्या एप्रिलमध्ये 88वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, ते याच नात्याने.

याउलट, सोबतीशिवाय घडवत राहण्याचं उदाहरणही आपल्याच शहरातलं. नेकचंद सैनी सरकारी रस्ते निरीक्षक होते. नव्या चंदीगडसाठी पाडलेल्या गावांतल्या फुटक्या बांगड्या, कपबशा, फरशा गोळा करून ते वर्षानुवर्षं जंगलात गुपचूप मूर्ती घडवत राहिले. 1976 साली त्यांचं रॉक गार्डन लोकांसाठी खुलं झालं. इतका काळ एकट्याने नेट धरणारा माणूस विरळा. आपल्यापैकी बहुतेकांचं लिहिणं ऐकणारं कोणी नसल्यामुळे सुटतं. कार्यालयात इंग्रजी, बाजारात हिंदी-पंजाबी. मराठी वाक्य सुचतं आणि मनातच विरतं. कार्यशाळेने प्रतिभा मिळत नाही, हे मलाही मान्य आहे. पण तिथे श्रोता मिळतो, आणि लिहिलेलं आज वाचून दाखवायचंय ही निकड मिळते. माझ्या मते तेवढ्याने पहिलं पान नक्की होतं.

इथे लष्करातले, पीजीआय रुग्णालयातले, बँकांतले लोक आहेत. खानापूर-आटपाडीकडून येऊन परमुलखात सोनं गाळणाऱ्या गलाई बांधवांचं जगही आपल्या ओळखीचं आहे. मुशीतलं सोनं कधी उतरवायचं, हे भट्टीपुढे बसणाऱ्याची नजर ओळखते. ते त्याच्याच शब्दांत कागदावर यायला हवं. पुण्या-मुंबईचा लेखक ते लिहू शकणार नाही.

व्यवस्थेत काही उणं वाटलं तर आम्हां स्वागत समितीला हक्काने सांगा. फक्त संध्याकाळच्या वाचनाला कोणीही कोरी वही घेऊन बसू नये, ही माझी कळकळीची विनंती.