पाळीपत्रकही तपासू या



औद्योगिक आरोग्यावरच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, मी ऋणी आहे. आभार थोडक्यात उरकतो, कारण मिळालेला सगळा वेळ मला एकाच विषयासाठी हवा आहे : रातपाळीच्या कामगाराची झोप.

तो आपल्याकडे नेहमी येतो. पित्त, डोकं जड, घरात चिडचिड, वाढलेली साखर. म्हणतो, ‘डॉक्टर, आल्या आल्या झोप लागते, पण बारा वाजता टक्क जाग येते.’ आपण पित्ताची गोळी देतो, कधी झोपेचीही देतो. त्याचं पाळीपत्रक मात्र मागत नाही. त्याच्या दुखण्याचं मूळ बऱ्याचदा त्या कागदावर असतं आणि तो कागद वाचणं हे आपलं, डॉक्टरांचं काम आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

बारालाच जाग का येते? अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडल्याप्रमाणे झोप दोन गोष्टींवर ठरते. जागेपणी मेंदूत झोपेचा ताण साचत जातो. अ‍ॅडेनोसिन या रसायनाचा त्यात मोठा वाटा असतो. चहा-कॉफीने हा ताण उतरत नाही, काही तास जाणवत नाही इतकंच. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर साधारण २० हजार पेशींचा पुंजका आहे, तो हे घड्याळ चालवतो. ऊन दिसलं नाही तरी ते चालतच राहतं. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी माणसांना ऊन आणि घड्याळ या दोन्हींपासून दूर ठेवून याचा अभ्यास केला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

सकाळी सुटलेला कामगार ताणाने भरलेला असतो, पडताक्षणी झोपतो. चार-पाच तासांत ताण निम्म्यावर येतो आणि तोवर घड्याळाचा दिवस भर दुपारी पोचलेला असतो. शरीराचं तापमान चढतं, जाग येते. यात त्याचा काही दोष नाही. त्यात एका खोलीचं घर, कुकरच्या शिट्ट्या, शाळेतून परतलेली मुलं. गिरणगावात एकाच खोलीत माणसं पाळीपाळीने झोपत. गिरण्या गेल्या, पण चाकण-वाळूजच्या भाड्याच्या खोल्यांतून ती पद्धत पुरती गेलेली नाही.

अशी झोपेची उधारी साचते आणि ती साचल्याचं माणसाला कळत नाही, हे सर्वांत घातक. हान्स व्हॅन डोंगन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिलेल्या माणसांची सावधानता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली. त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच झोप येत असल्यासारखं वाटत होतं. म्हणून ‘झोप येते का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर प्रेस किंवा क्रेन चालवायला देऊ नका.

आठवड्याच्या पहिल्या रातपाळीचं उदाहरण घ्या. सकाळी सातला उठलेला माणूस मध्यरात्री १७ तास जागा असतो. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांच्या १९९७ च्या प्रयोगात इतक्या जागरणानंतर माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखं होत होतं. आपल्याकडे वाहन चालवण्याची मर्यादा ०.०३ आहे. प्यायलेल्या माणसाला आपण गेटवर अडवतो; याला मशीनवर उभं करतो, आणि पहाटेचे चार तर अजून यायचेच असतात.

आता पाळीपत्रकाकडे वळतो. माणसाचं घड्याळ २४ तासांहून सरासरी दहा-अकरा मिनिटं सावकाश चालतं. त्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. तरीही कित्येक ठिकाणी रातपाळीनंतर दुसरी आणि दुसरीनंतर पहिली अशी उलटी फिरवाफिरव चालते. अमेरिकेत युटामधल्या एका खनिज कारखान्यात चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी ती सुलटी केली, पहिली-दुसरी-रात अशी, आणि दर आठवड्याऐवजी दर २१ दिवसांनी पाळी बदलली. १९८२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार कामगारांचं समाधान वाढलं, प्रकृती सुधारली आणि उत्पादनही वाढलं. किती दिवसांनी बदलावी यावर मतभेद आहेत. दोन-तीन दिवसांत बदलावी असं म्हणणारेही आहेत. आपल्याकडची आठवड्याची पाळी मात्र माझ्या मते सर्वांत वाईट. घड्याळ धड वळत नाही, धड जागेवरही राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रातपाळीला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवलंय. २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये. आणि आपलं घर? निवासी डॉक्टरांसाठी केंद्राच्या १९९२ च्या योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास काम असं लिहिलेलं आहे. वॉर्डात काय चालतं, ते या सभागृहातला प्रत्येक तरुण डॉक्टर सांगेल.

व्यवस्थापकांकडे माझी मागणी खर्चिक नाही. पाळ्या सुलट्या फिरवा. रिलिव्हर आला नाही म्हणून रातपाळीवाल्याला ‘डबल’ लावू नका. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांची डुलकी घ्यायला एक अंधारी खोली द्या, आणि ती घेणाऱ्याला मेमो देऊ नका. तीनच्या सुमारास कॅन्टीनमध्ये भरपेट जेवण नको. त्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही.

सहकारी डॉक्टरांकडे एकच मागतो. अपघाताचा पेशंट आला की आपण जखम लिहितो, वेळ लिहितो. उद्यापासून त्याच केसपेपरवर आणखी दोन ओळी लिहू या : तो शेवटचा झोपून कधी उठला होता, आणि ही त्याची सलग कितवी रात्र. वर्षभराने याच परिषदेत ते सगळे आकडे एकत्र मांडू आणि पाळीपत्रक ठरवणाऱ्यांसमोर ठेवू.