वाण्याच्या दुकानातले नवे पाहुणे



गावातल्या वाण्याच्या दुकानात आपण जातो ते बहुधा यादी घेऊन. साखर, चहापत्ती, गोडं तेल, तूरडाळ, काडेपेटी. यादी वर्षानुवर्षं तीच. घरातलं शेंबडं पोरही ती तोंडपाठ म्हणून दाखवील. पण जरा मान वर करून फळीकडे पाहिलं, म्हणजे यादीबाहेरचे बरेच जिन्नस तिथं बसलेले दिसतात. ओट्सचा डबा, मॅकरोनी, सोयाबीनच्या वड्या, नूडल्सचे पुडे, नाचणीची बिस्किटं, आणि दारात दोरीला लोंबकळणाऱ्या कुरकुरीत खाऊच्या त्या चकचकीत माळा. या नव्या मंडळींपैकी घरात कुणाला घ्यावं, कुणाला उंबऱ्यावरूनच राम राम करावा, आणि घेतलेला जिन्नस आवडीचा कसा होतो, याविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत. विषय दिसायला साधा आहे. पण त्यात आपला पैसा आहे, आणि पोरांच्या अंगावरचं मांसही आहे.

नवं ते परकं, आणि परकं ते आपल्याला मानवायचं नाही, असं पुष्कळांना वाटतं. अशांनी एकादशीचं ताट एकदा नीट पाहावं. खिचडीतला साबुदाणा, तिच्यातला शेंगदाणा, हिरवी मिरची, बटाटा, शेजारी उकडलेलं रताळं. यांतलं प्रत्येक पीक मूळचं अमेरिका खंडातलं! ज्ञानेश्वरी १२९० साली सिद्ध झाली. त्या काळी एकादशी होती, उपासही होता. साबुदाण्याची खिचडी मात्र नव्हती. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, मागाहून पोर्तुगीज गलबतं आपल्या किनाऱ्याला लागली, आणि तेव्हा कुठं ही मंडळी इकडे आली. त्या खिचडीत जिरं आणि तूप एवढंच काय ते जुन्या ओळखीचं.

साबुदाण्याची गोष्ट तर अगदी अलीकडची. पूर्वी तो मलायाकडून येई, आणि तिकडच्या एका ताडजातीच्या झाडाच्या गाभ्यापासून करीत. दुसऱ्या महायुद्धात ती आवक बंद पडली. तेव्हा मद्रासकडच्या सेलम भागात टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्याच्या, कंदाच्या पिठापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आज आपण उपासाला खातो तो हा. कसाव्याचा कंद केरळात गोरगरिबांच्या जेवणात रुजला, त्याचं श्रेय त्रावणकोरचे महाराज विशाखम् तिरुनाळ यांना देतात. ते १८८० ते १८८५ या काळात गादीवर होते. हा कंद नीट शिजवून वरचं पाणी टाकून दिलं नाही तर बाधतो, म्हणून लोक बिचकत. तेव्हा महाराजांनी तो आपल्या पानात वाढून घेतला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यातली युक्ती खरी आहे. घरातल्या मोठ्या माणसानं आधी खाल्ल्याशिवाय धाकटी माणसं नव्या जिनसाला हात लावीत नाहीत.

आपल्या पूर्वजांची आणखी एक युक्ती शब्दांत लपलेली आहे. शिक्षकबंधूंना ती वर्गात सांगण्याजोगी वाटेल. नवी तिखट शेंग आली. आपल्याकडे तिखटाला मिरी होती, म्हणून तिचं नाव पडलं मिरची. जमिनीखाली लागणारा दाणा आला, तो झाला भुईमूग. टोमॅटो आला, त्याला कुणी वेलवांगं म्हटलं, तर घाटावर कुणी भेदरं. काही पाहुणे मात्र आपलं पोर्तुगीज नाव घेऊनच राहिले: बटाटा, कोबी, काजू, पाव. पण नाव कुठलंही असो, भांडं आपलंच होतं. बटाटा आपण साहेबासारखा नुसता उकडून खाल्ला नाही. त्याला मोहरी-हळदीची फोडणी दिली. शेंगदाण्याचं कूट केलं आणि ते भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत घातलं. मला वाटतं, नवा जिनस आवडीचा होतो तो असा, आपल्या फोडणीतून. परक्या पद्धतीनं करून खाल्ला, तर चार दिवस नवलाई राहते आणि पुडा डब्यामागं जाऊन पडतो.

सक्तीनं तर मुळीच होत नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळत असे. तिच्या भाकरीची आठवण काढली की जुनी माणसं आजही तोंड वाकडं करतात. मिलोनं माणसं जगवली, हे खरं. पण पाऊस पडून घरची ज्वारी आली, तशी ती ताटातून गेली. त्याच दुष्काळात कामावर सुकडी वाटीत. ती मात्र पोरं मागून मागून खात, आणि तिची चव आज म्हातारी झालेली ती पोरं अजून सांगतात. दोन्ही जिनसा एकाच संकटात आल्या. एक गिळली, एक आवडली. सुकडी गोड होती, ओळखीच्या चवीची होती, एवढाच फरक.

पण आवडलं म्हणजे चांगलं, असंही समजू नये. वनस्पती तुपाचं पाहा. पिवळ्या डब्यातला डालडा १९३७ पासून आपल्याकडे आला. साजूक तूप परवडेना, त्या घरांत लाडू, पुऱ्या, शिरा सगळं त्याच्यावर होऊ लागलं. लग्नाच्या पंगती त्याच्यावर उठल्या. पुढं शास्त्रज्ञांना कळून आलं, की तेल घट्ट करण्याच्या त्या कृतीत ट्रान्स फॅट नावाचा एक घटक तयार होतो आणि तो हृदयाला घातक असतो. अखेर जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात त्याचं प्रमाण शंभरात दोनहून अधिक नसावं, असा नियम झाला. तोवर तीन पिढ्या जेवून गेल्या होत्या. तेव्हा जिभेची परीक्षा झाली, तरी पुड्याची परीक्षा उरतेच.

ती कशी करायची? पुडा उलटा करायचा. पुढच्या बाजूला चित्रं असतात, मागच्या बाजूला हिशेब. आत काय काय घातलं आहे त्याची यादी तिथं छापलेली असते, आणि नियम असा, की जे वजनानं सर्वांत अधिक ते पहिलं, त्याहून कमी ते दुसरं. पुढं नाचणीचं कणीस रंगवलेलं असेल, आणि मागं पहिलं नाव मैद्याचं, दुसरं साखरेचं, तिसरं पामतेलाचं, आणि नाचणी कुठंतरी शेवटी, तर आपण नाचणी नव्हे, मैदा-साखर विकत घेतो आहोत. ही यादी बहुधा इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत असते. इथं शाळेचं काम येतं. गुरुजींनी मुलांना रिकामे पुडे आणायला सांगावेत, आणि इंग्रजीच्या तासाला प्रत्येकाची पहिली तीन नावं वाचून घ्यावीत. गणिताच्या तासाला त्याच पुड्यांचा भाव काढावा. दहा रुपयांच्या पुड्यात पस्तीस ग्रॅम माल आहे असं धरा. किलोला २८५ रुपयांच्या वर पडले. शेजारी त्याच दिवशीचा शेंगदाण्याचा किलोचा भाव फळ्यावर लिहावा. बाकी काही बोलू नये. मुलं घरी जाऊन बोलतातच.

ओट्सविषयी मला पुष्कळ जण विचारतात. ओट्स वाईट नाहीत. त्यातल्या एका तंतूनं रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, हे सिद्ध झालेलं आहे. वैद्यानं सांगितलं असेल तर अवश्य खावेत, आणि दुधात गिळगिळीत लागत असतील तर कांदा-मिरची घालून उपमा करावा. पण कोकणातल्या किंवा नाशिक-कोल्हापूरच्या डोंगरातल्या माणसानं शेतातली नाचणी विकून ओट्स आणावेत, हे काही मला पटत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच दुधात साधारण एकशेवीस. २०२३ हे साल सगळ्या जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. तेव्हापासून ही नाचणी सुंदर पुड्यात बसून शहरातल्या दुकानात चढ्या भावानं विकली जाते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती म्हणजे सोयाबीन. लातूर, उस्मानाबादकडचा, म्हणजे आता धाराशिव म्हणतात तिकडचा, वाशीम-अकोल्याकडचा शेतकरी हे सांगण्याआधीच हसेल. कारण त्याच्या खळ्यावर सोयाबीनची रास असते. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन राज्यं या पिकात देशात पुढं आहेत. पण रास होते, पोती भरतात, अडतीवर जातात, आणि घरात एक पायलीसुद्धा राहत नाही. मालाचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, त्या कोंबड्यांची अंडी शहरात जातात. पिकवणाऱ्याच्या घरी मुलांच्या ताटात पातळ वरण. आणि तूरडाळ महागली, की ते आणखी पातळ होतं. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला बावीसएक ग्रॅम प्रथिनं असतात. सोयाबीनमध्ये छत्तीस ते चाळीस. तेल काढून उरलेल्या पिठाच्या ज्या वड्या वाण्याकडे मिळतात, त्यांत पन्नासच्या आसपास. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेतल्या दुपारच्या जेवणातून बारा ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं सरकारी प्रमाण आहे. पंचवीस ग्रॅम कोरड्या वड्यांत तेवढी भरतात.

आमच्या थोरल्या काकूंनी या वड्या प्रथम हातात घेतल्या, तेव्हा दाबून पाहिल्या आणि म्हणाल्या, "हे काय रे, चपलेचं रबर आणलंस?" शिजवलेल्या पाण्याला वास आला, तशी त्यांनी नाकाला पदर लावला. पण स्वयंपाकात हात बसलेलं माणूस हट्टाला पेटलं म्हणजे वेगळंच होतं. त्यांनी वड्या उकळत्या पाण्यात मिठासकट भिजवल्या, पिळल्या, ते पाणी ओतून दिलं, थंड पाण्यात धुऊन पुन्हा कडक पिळल्या. मग कांदा-खोबरं भाजून, काळा मसाला घालून झणझणीत रस्सा केला. काका माळकरी. त्यांनी पहिला घास घेतला आणि हात आखडला. "अगं, हे काय वाढलंस?" काकू म्हणाल्या, "शेतातलंच आहे. जेवा गुमान." त्यानंतर बाजाराच्या दिवशी वड्यांची आठवण काकाच करून देऊ लागले.

मुलांचं मात्र एका रश्श्यावर भागत नाही. पहिल्या दिवशी मूल 'नको' म्हणालं, की आई म्हणते, "आमच्या बाळाला आवडत नाही," आणि विषय संपतो. आहारशास्त्राचे अभ्यासक सांगतात, की नव्या पदार्थाची गोडी लागायला लहान मुलाला तो आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा चाखावा लागतो. म्हणून बोटभर वाढावं, रागावू नये, लाडीगोडीही लावू नये, आणि चार दिवसांनी पुन्हा बोटभर वाढावं. सगळे एका पंक्तीत बसले असताना वाढलं तर उत्तम. शाळेत खिचडीच्या वेळी गुरुजी मुलांबरोबर बसून तोच घास खातील, तर त्याचा गुण घरच्या शंभर समजुतींहून अधिक. सोयाबीन सगळ्यांनाच मानवतं असं नाही. कुणाच्या अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले, तर त्याला पुन्हा देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावं.

वड्या विकत आणायच्या नसतील, तर घरचं सोयाबीन दळणात घालता येतं. पण कच्चं कधीही दळू नये. कच्च्या दाण्यात एक द्रव्य असतं, ते प्रथिनं पचू देत नाही. पोट फुगतं, आणि घरातली माणसं पिठाला नावं ठेवतात. दाणे निवडून, पाण्याला खळखळून उकळी आल्यावर मगच त्यात टाकावेत. थंड पाण्यात टाकून मग चुलीवर ठेवलं, तर तो उग्र वास जात नाही. वीस-पंचवीस मिनिटं उकळू द्यावेत, पाणी ओतून द्यावं, आणि दाणे कडक उन्हात चांगले वाळवावेत. नऊ किलो गव्हाला एक किलो हे दाणे, एवढं प्रमाण पुरे. चपातीच्या चवीत फरक कळत नाही. त्याहून जास्त घालाल तर पोळी चिवट होते. दाणा दातानं फोडून पाहावा, कटकन तुटला म्हणजे वाळला. आत ओल राहिली, तर जात्याला पीठ चिकटतं, आणि गिरणीवाला पुढच्या खेपेला डबा परत पाठवतो.