क्षीण संकेतांचे साधक : गोविंद स्वरूप



आपल्या जबलपूरमध्ये 1947 साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्याच सुमारास येथून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर, अलाहाबादेत, गोविंद स्वरूप भौतिकशास्त्र शिकत होते. 1950 साली ते एम.एस्सी. झाले.

1953 मध्ये ते सिडनीला गेले. सूर्याच्या रेडिओलहरी टिपणाऱ्या सहा फुटी 32 तबकड्या तेथे मोडीत निघणार होत्या. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या. ऑस्ट्रेलियाने त्या दिल्याही. पण जहाजभाड्याचा प्रश्न सुटेना! तबकड्या अडकून पडल्या आणि 1956 मध्ये स्वरूप अमेरिकेला गेले.

स्टॅनफर्ड येथे त्यांच्यापुढे एक कूट प्रश्न होता. अनेक अँटेनांचे संकेत एकत्र आणायचे तर त्यांच्या कला अचूक जुळल्या पाहिजेत. अन्यथा एका लहरीचे शिखर दुसरीच्या दरीवर पडून दोन्ही लोपतात. स्वरूप आणि यँग यांनी 1961 मध्ये तोडगा मांडला. केंद्रातून संकेत धाडावा, अँटेनापाशी त्यावर खूण उमटवून तो परतवावा आणि जाण्यायेण्यातील कलांतर केंद्रात बसूनच मोजावे. युक्ती साधी, पण पुढे जगभरच्या दुर्बिणींनी ती स्वीकारली.

होमी भाभांच्या निमंत्रणावरून 1963 मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. रखडलेल्या तबकड्या 1965 मध्ये कल्याणला उभ्या राहिल्या. नंतर उटीला, डोंगरउतारावर, 530 मीटर लांबीची दुर्बीण झाली. उताराचा कोन तेथील अक्षांशाएवढा, त्यामुळे तिचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर!

पुणे जिल्ह्यातील खोडदची महादुर्बीण हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. लहरी लांब असल्याने भरीव पत्र्याऐवजी तारेची जाळी पुरते. वारा तिच्यातून निघून जातो, सांगाडा हलका राहतो आणि खर्च आटोक्यात येतो. येथे 435 जोड्यांचे संकेत परस्परांशी ताडून आकाशाचे चित्र घडवले जाते. आद्य विश्वातील हायड्रोजनचे प्रचंड मेघ शोधणे हा मूळ हेतू होता. ते मेघ सापडले नाहीत. स्पंदक ताऱ्यांसारख्या अन्य विषयांत मात्र दुर्बिणीने भरघोस दिले.

स्वरूप यांना आणखी एक खंत होती, ती म्हणजे संशोधक आणि कोवळे विद्यार्थी यांची ताटातूट. प्रा. वि. गो. भिडे यांच्यासह त्यांनी बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एकात्मिक विज्ञानशिक्षणाची कल्पना मांडली. ती बरीच वर्षे कागदावरच राहिली. 2006 मध्ये पुणे आणि कोलकाता येथे आयसर सुरू झाल्या, तेव्हा स्वरूप सत्याहत्तर वर्षांचे होते.