आधी तिला विचारा

(परभणी येथे झालेल्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)

आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी एकमेकींकडे पाहिलं, ते माझ्या लक्षात आलं. बालविवाहावर बोलायला बोलावलं आणि ही बाई जपानी कार्टूनवर काय बोलणार? पण ही गोष्ट मी शोधून काढलेली नाही. वसतिगृहातल्या मुलींनी मला ती दाखवली. शिबिरात रात्री जेवणं झाल्यावर पाच-सहा जणी एका मोबाइलभोवती डोकी घालून बसल्या होत्या. मी म्हटलं, काय बघताय गं? त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही पण बघा. यात एका पोरीचं लग्न मारामारीवर ठरलंय."

जपानी चित्रमालिका आपल्याला अगदीच परकी नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी लागणारं 'जंगल बुक' आठवतं ना? तो मोगली जपानमध्ये चितारलेला होता. या प्रकाराला अ‍ॅनिमे म्हणतात. त्यात अंतराळातली राज्यं, त्यांची युद्धं, राजकारण आणि त्यात सापडलेल्या तरुण मुलामुलींचं प्रेम अशा मालिकांची मोठी परंपरा आहे. 'गंडम' ही त्यातली एक, १९७९ साली सुरू झालेली. माणसं आत बसून चालवतात असे राक्षसाएवढे यंत्रमानव त्यात लढतात. मुलींनी दाखवली ती याच परंपरेतली 'द विच फ्रॉम मर्क्युरी', म्हणजे बुधावरची चेटकीण. ऑक्टोबर २०२२ ते जुलै २०२३ या काळात ती जपानी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. गंडमच्या दूरचित्रवाणी मालिकांमध्ये मुख्य भूमिका मुलीला मिळाली ती इथे पहिल्यांदा. त्यासाठी चाळीसहून अधिक वर्षं जावी लागली!

गोष्ट थोडक्यात सांगते. माणसं अंतराळात वस्ती करून राहिली आहेत. पैसा, कारखाने, शस्त्रं सगळं वरच्यांच्या हातात. पृथ्वीवर उरलेले लोक गरीब, त्यांनी तोंड उघडलं की त्यांच्यावर यंत्रं सोडायची. कंपन्यांचा एक बलाढ्य समूह आहे आणि त्याची एक शाळा आहे. समूहाच्या अध्यक्षाची मुलगी मिओरिने तिथेच शिकते. बापाने नियम करून ठेवलाय की शाळेत यंत्रमानवांची जी द्वंद्वं होतात, त्यांत जो सर्वांत वरचढ ठरेल तो तिचा नवरा. आज हा, उद्या त्याला हरवणारा. ती मैदानाच्या कडेला उभी.

मैत्रिणींनो, हे ऐकून तुम्हाला जपान आठवलं की आपलं स्वयंवर? नाव स्वयंवर, पण सीतेसाठी वाल्मीकींच्या रामायणात शब्द आहे 'वीर्यशुल्का', म्हणजे पराक्रम हीच जिची किंमत. धनुष्य ज्याला पेलेल त्याची ती. द्रौपदीसाठी मत्स्यवेधाचा पण. अंबा, अंबिका, अंबालिका यांना तर भीष्म भावासाठी रथात घालून घेऊन गेला. अंबेने मनाने शाल्वाला वरलं होतं. भीष्माने तिला परत पाठवलं, पण दुसऱ्याने जिंकलेली म्हणून शाल्वाने तिला नाकारलं. नेणाऱ्याने विचारलं नाही आणि नाकारणाऱ्यानेही विचारलं नाही.

आणि आज? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांना त्यांचं लग्न कधी झालं ते विचारलं. अठराच्या आत झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघालं. आपल्या परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के होतं. म्हणजे जवळजवळ दोघींत एक. आपल्याकडे द्वंद्व होत नाही, हिशेब होतो. गंगाखेड, पालम भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तो हिशेब कसा असतो ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. मुकादमाची उचल मिळते ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. मुलाचं लग्न झालं की घरात पूर्ण कोयता येतो. मुलीचे आईबाप सहा-सहा महिने फडावर, वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग हुंडा कमी असताना, जबाबदारी डोक्यावरून उतरते तेव्हा उरकून टाकायचं. या सगळ्या हिशेबात एक प्रश्न कुठेच येत नाही: तिला काय हवंय?

आता त्या गोष्टीतला जो प्रसंग पाहून मी रात्रभर झोपले नाही तो सांगते. मिओरिने हा नियम निमूट सोसणारी नाही. ती शाळेतून पळून पृथ्वीवर जायला निघालेली असते. अंतराळात एकटी तरंगत असते. त्याच वेळी बुधावरून नवीन मुलगी शाळेत येत असते, तिचं नाव सुलेत्ता. बुजरी, बोलताना अडखळणारी, मनाने चांगली. तिला वाटतं, कुणीतरी बुडतंय. ती धावते आणि मिओरिनेला 'वाचवते'. म्हणजे काय करते? पळून जायची तिची एकमेव संधी घालवते! मिओरिने तिच्यावर भडकते ते काही उगीच नाही.

पुढे एक मग्रूर मुलगा मिओरिनेच्या आईच्या आठवणीची बाग उद्ध्वस्त करतो, सुलेत्ता त्याच्याशी द्वंद्व खेळते आणि जिंकते. नियमाप्रमाणे आता ही मुलगीच मिओरिनेचा नवरा! मुली खूप हसल्या. मला मात्र आमचं एक काम आठवलं. ते मी आज पहिल्यांदा जाहीरपणे सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावातून निरोप आला, उद्या हळद आहे, पोरगी पंधराची. आम्ही धावलो. पोलीस आणले, लग्न थांबवलं, बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं, मुलीला बालकल्याण समितीपुढे नेलं. बातमी छापून आली. आम्ही खूश होतो. पुढच्या वर्षी ती मला कापूस वेचताना भेटली. मी म्हटलं, कशी आहेस बाळा? शाळेत जातेस ना? ती खाली बघून म्हणाली, "ताई, तुमी लगीन थांबवलं ते बरं केलं. पन मला काय पायजे ते तुमीबी इचारलं नाई. माझं नाव शाळंतून कमी झालतं. तेवढं परत टाकायचं व्हतं."

एका दिवसाचं काम होतं हो! एक अर्ज, शाळेत एक फेरी. आम्ही तिच्यासाठी दहा कागद केले आणि ज्या कागदाची तिला गरज होती तोच केला नाही. तिच्या बापाने तिला विचारलं नव्हतं, सासरच्यांनी विचारलं नव्हतं. आणि आम्ही, स्त्रीमुक्तीचं नाव घेणाऱ्या, आम्हीही विचारलं नाही.

या गोष्टीत आईही आहे. सुलेत्ताची आई प्रॉस्पेरा. तिच्यावर भयंकर अन्याय झालाय, तिची माणसं मारली गेली आहेत. तिने मुलीला मायेने वाढवलं, पण आपल्या सुडासाठी. लेक 'आई म्हणते म्हणजे बरोबरच' एवढंच शिकली. एका प्रसंगी मैत्रिणीला वाचवण्यासाठी ती माणूस चिरडते आणि रक्ताळलेला हात हसत पुढे करते, कारण वाचवण्यासाठी मारलं तर चालतं हे तिला आईने पटवलेलं असतं. आपल्याकडेही लग्न ठरवताना आई बाजूला नसते. पण तिला खलनायिका ठरवून आपण मोकळ्या होऊ नये. तिलाही चौदाव्या वर्षी कुणी विचारलं नव्हतं. जी स्वतः कधी विचारली गेली नाही, तिला लेकीला विचारायचं सुचणार कुठून? आईशी बोलल्याशिवाय हे काम पुढे जाणार नाही.

आणखी एक वळण फार महत्त्वाचं आहे. दोघी मुली एकमेकींच्या जवळ येतात, प्रेम फुलतं. मग मिओरिनेला कळतं की प्रॉस्पेरा लेकीचा वापर करून घेते आहे. तिला सुलेत्ताला सोडवायचं असतं. ती काय करते? सुलेत्ताला काहीच न सांगता पुढचं द्वंद्व हरायला लावते. तिचं यंत्र ऐन वेळी बंद पाडते, 'आता तुझी गरज नाही' म्हणून तोडून टाकते. तिच्याच भल्यासाठी! जिला स्वतःला जन्मभर न विचारता वापरलं गेलं, तीच प्रेमापोटी दुसरीच्या आयुष्याचा निर्णय न विचारता घेते. बापाची सत्ता आपल्या हातातही अशी नकळत येते, मैत्रिणींनो. 'तुला कळत नाही, आम्ही सांगतो ते ऐक' हे वाक्य घरात म्हटलं जातं तसं संघटनेतही म्हटलं जातं.

मला या मालिकेवर टीकाही करायची आहे. युद्ध वाईट आहे असं ती सांगते. ज्या तंत्राने अपंगांना हातपाय मिळावेत, माणसाला अंतराळात जगता यावं, ते तंत्र व्यापाऱ्यांनी शस्त्र कसं केलं हेही ती नीट दाखवते. पण त्याच यंत्रमानवांची प्लॅस्टिकची खेळणी विकणं हा या सगळ्या मालिकांमागचा मोठा धंदा आहे. युद्धाचा निषेध आणि शस्त्रांची विक्री एकाच दुकानात! आपल्या मुलींनी हे डोळे उघडे ठेवून बघावं.

शेवटाविषयीही तेच. मिओरिने आपल्या कंपन्यांचा समूह विसर्जित करते आणि मालमत्ता पृथ्वीवरच्यांकडे जाईल अशी व्यवस्था करते. तीन वर्षांनंतरच्या दृश्यात सुलेत्ता काठी टेकत चालते आहे, दोघींच्या बोटात अंगठ्या आहेत. पाहणाऱ्याला जे समजायचं ते समजतं. पण जुलै २०२३ मध्ये एका जपानी मासिकातल्या मुलाखतीत दोघींचं लग्न झाल्याचा उल्लेख छापला गेला, तो डिजिटल आवृत्तीतून काढून टाकण्यात आला. ज्याने त्याने आपल्या परीने अर्थ लावावा, असं निर्मात्यांनी जाहीर केलं. दोन मुली एकत्र राहतात हे दाखवायला चालतं, म्हणायला चालत नाही! आपणही हसू नये. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. आपल्या संघटनांमध्ये अशा मैत्रिणी आहेत. त्यांनाही आपण कितीदा विचारलंय?

तुम्ही म्हणाल, ही सगळी कल्पनेतली गोष्ट. मग आपल्याच इतिहासातली घ्या. रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ साली दादाजीने मुंबईत दावा लावला. १८८५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, पण १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. १८८८ मध्ये तडजोडीने प्रकरण मिटलं आणि ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आली. तिच्या पाठीशी माणसं उभी होती, पैसे गोळा झाले. पण 'नाही' हा शब्द तिचा होता. वर्तमानपत्रात लिहिलेली पत्रं तिची होती. पाठीशी उभं राहणं म्हणजे तिच्या जागी उभं राहणं नव्हे, हा फरक तिला मदत करणाऱ्यांनी ओळखला होता.

कायद्यातही ही जागा आहे, ती आपण नीट वाचत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार झालेला बालविवाह रद्द करून मागण्याचा हक्क त्या मुलीचा आहे आणि अठरा पूर्ण झाल्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत तो तिच्याजवळ राहतो. किती मुलींना आपण हे सांगितलंय? लग्न लागलं की संपलं असं समजून आपण परत फिरतो.

म्हणून मला एवढंच सुचवायचं आहे. लग्न थांबवायचंच. १०९८ ला फोन करायचाच, ग्रामसेवकाला त्याच्या जबाबदारीची आठवण द्यायचीच. यात माघार नाही. पंधराची पोर 'मला लग्न करायचंय' म्हणाली तरी थांबवायचं. पण त्याच दिवशी, पोलिसांच्या आणि नातेवाइकांच्या घोळक्यातून तिला बाजूला घेऊन एका बाईने तिच्याजवळ बसायचं. तिला विचारायचं, शाळेत नाव आहे का? एसटी किती वाजता येते? आईबाप तोडीला गेले तर तू कुणाकडे राहशील? घरी भीती वाटते का? तुला काय हवंय? ती लगेच बोलणार नाही. तिला सवय नाही. आपण पुन्हा जायचं. आपल्या वहीत 'थांबवलेली लग्नं' असा रकाना आहे. त्याच्या शेजारी 'मुलगी काय म्हणाली' असा रकाना आजपासून आखू या.

त्या मालिकेत दुखावलेली सुलेत्ता शेवटी मिओरिनेकडे जाते तेव्हा दार बंद असतं. ती दार फोडत नाही. बाहेर उभी राहून बोलते. मग दार आतून उघडतं.

कापूस वेचणाऱ्या त्या मुलीचं नाव शाळेत पुन्हा घातलं का, असं तुम्ही विचाराल. घातलं, उशिराने. तोवर तिच्या वर्गातल्या मुली दहावीला गेल्या होत्या आणि ती लहान मुलींबरोबर आठवीच्या बाकावर बसली. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, लाज वाटते का गं? ती म्हणाली, "वाटती. पन बसते." तेवढं तिने स्वतः ठरवलं होतं.