फडणीस, चिटणीस, सबनीस

पुण्याच्या कोथरूडमधल्या नावांच्या पाट्यांवर दिसणारी फडणीस, चिटणीस, सबनीस ही आडनावे मुळात दप्तरातील हुद्दे होत. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. मराठीत त्याचा ‘नीस’ झाला. फडणीस हिशेब पाही, चिटणीस पत्रव्यवहार, तर सबनीस सैन्याची हजेरी. हुद्दा वंशपरंपरेने चालला, की मूळ आडनाव मागे पडे. शिवरायांचे चिटणीस बाळाजी आवजी मूळचे चित्रे. पेशवाईतले नाना फडणवीस तर कोकणातल्या वेळासचे भानू, पण त्यांना ‘भानू’ म्हणून ओळखणारे आज विरळाच. हुद्द्यावरून आडनाव पडत असल्याने एकच आडनाव निरनिराळ्या जातींत आढळते. त्यामुळे फडणीस किंवा सबनीस या नावावरून घराण्याचे मूळ गाव वा जात ठरवता येत नाही.