एका खेळातील जगाचे स्थलांतर



बिऱ्हाड हलवण्याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. आमचे घराणे इंदुरात तीन पिढ्या नांदत आहे. तरी माझ्या लहानपणी आम्ही चार वेळा घर बदलले आणि दर वेळी काही ना काही मागे राहिलेच. एकदा पाटा आला आणि वरवंटा राहिला. आज ज्या स्थलांतराविषयी मी बोलणार आहे त्यात टांगा नव्हता की हमाल नव्हता. सामान म्हणजे एक अख्खे जग होते, आणि ते हलवणारा होता माझा तेरा वर्षांचा नातू.

माइनक्राफ्ट हा संगणकावरील खेळ आता घरोघरी ठाऊक आहे. स्वीडनमधील मार्कस पेर्सन यांनी तो रचला आणि १८ नोव्हेंबर २०११ रोजी तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यातील डोंगर, नद्या, झाडे सारे ठोकळ्यांचे. खेळणाऱ्याने खणावे, पेरावे, बांधावे. नातवाने २०२० सालच्या टाळेबंदीत असे एक जग एकट्याने उभारले होते. त्यात चौसोपी घर होते, गोठा होता, गव्हाचे शेत होते. रानातील लांडग्याला हाडे घालून माणसाळवलेला एक कुत्राही होता. त्याचे नाव मोत्या.

पुढे २०२२ साली त्याचे दोन जिवलग मित्र गावाबाहेर गेले. एक पुण्यास, दुसरा वडिलांच्या बदलीमुळे बंगळुरास. या जगात आपण सगळ्यांनी एकत्र खेळावे, अशी टूम मग निघाली. आमच्या गल्लीतील तिसऱ्या मित्राच्या थोरल्या भावाने आपला जुना संगणक सर्व्हर म्हणून देऊ केला. सर्व्हर म्हणजे खेळाची धर्मशाळाच म्हणा ना! जग तेथे वसते आणि ज्याने त्याने आपापल्या घरून तेथे जावयाचे. त्यासाठी राउटरमध्ये २५५६५ क्रमांकाची वाट मोकळी ठेवावी लागते. ती त्या भावाने ठेवली.

जग हलवणे दिसावयास सोपे आहे. घरच्या संगणकात ते एका फोल्डरच्या रूपाने असते. खेळ बंद करावा, फोल्डरची प्रत काढावी, ती सर्व्हरच्या फोल्डरात ठेवावी आणि सर्व्हरच्या नियमांच्या फाइलीत तिचे नाव लिहावे. सर्व्हरची आवृत्ती मात्र जगाच्या आवृत्तीहून जुनी असता कामा नये.

येथे माझा शहाणपणा आडवा आला. फोल्डरात ‘रीजन’ नावाचा जो भाग होता तोच सर्वांत जड, तेव्हा सारे जग त्यातच असणार, तेवढाच ने, असे मी सांगितले. त्यातील एकेक फाइल ५१२ ठोकळे लांब आणि तितक्याच रुंद भूमीची असते, हे खरे. नातवाने तेवढाच भाग नेला. घर आले, पण गोठा रिकामा. २०२१ पासून जनावरांच्या नोंदी वेगळ्या फोल्डरात राहतात हे मला काय ठाऊक! शिवाय जेथवर तो पूर्वी हिंडला होता तेथेच डोंगर सुरीने कापल्यासारखे संपत आणि पलीकडे भलताच समुद्र लागे. न पाहिलेली भूमी एका बीज-संख्येवरून घडते, आणि ती संख्या त्या वेळच्या मांडणीत ‘लेव्हल’ नावाच्या लहानशा फाइलीत होती. ती आम्ही घरीच ठेवली होती. म्हणजे पुन्हा वरवंटाच राहिला!

दुसऱ्या खेपेस संपूर्ण फोल्डर नेला. डोंगर जुळले, गाई आल्या, मोत्याही अंगणात बसलेला दिसला. परंतु नातू त्या जगात उतरला तो रिकाम्या हातांनी. पेट्यांतील सर्व वस्तू जागच्या जागी होत्या, अंगावरचे मात्र काहीच नव्हते. प्रवासात मोलाचे ते अंगावर घालून न्यावे, असे आपली वडीलधारी मंडळी सांगत आली. येथे नेमके उलट घडले. अंगणाच्या भिंतीला वीट लावू गेला, तर तीही लागेना. आरंभस्थानाभोवतीची काही भूमी सर्व्हर आपणहून राखून ठेवतो आणि तेथे फक्त अधिकाऱ्यास हात लावू देतो. अधिकारी होता तो थोरला भाऊ.

याचे त्याला इतके वाईट वाटले नाही. तो मोत्यापाशी गेला, त्याला उठवू लागला. मोत्या हलेना. “आबा, तो मला ओळखत नाही,” एवढेच तो म्हणाला आणि खुर्चीवरून उठून गेला. मला स्वर्गाच्या दारी कुत्र्यासाठी अडून बसलेले धर्मराज आठवले, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती.

कारण दोन दिवसांनी सापडले. खेळातील प्रत्येक माणसास एक लांबलचक ओळख-क्रमांक असतो. त्याच्या अंगावरच्या वस्तूंची नोंद त्या क्रमांकाखाली असते आणि कुत्र्याच्या नोंदीतही धन्याचा तोच क्रमांक असतो. थोरल्या भावाने, सर्वांना सोपे जावे म्हणून, खात्यांची तपासणी बंद ठेवली होती. मग सर्व्हर खरा क्रमांक विचारीत नाही, नावावरून स्वतःच दुसरा बनवतो. मोत्याच्या लेखी हा मुलगा परकाच होता, आणि बसलेला कुत्रा धन्याखेरीज कोणासाठी उठत नाही. तपासणी बंद ठेवल्यास कोणीही कोणाचेही नाव घेऊन आत शिरू शकतो, हा धोका आणखी वेगळाच.

तपासणी सुरू करणे एका शब्दाचे काम होते. पण तसे केल्यास बाकीच्या तिघांचे क्रमांक बदलणार आणि दोन दिवसांत त्यांनी मिळवलेले अंगावरचे सारे जाणार. नातवाने हे त्यांना स्पष्ट सांगितले. एका कुत्र्यासाठी एवढा खटाटोप, असे कोणी म्हणाले असते तर मला नवल वाटले नसते. पुण्याच्या मुलाने विचारले, “पेटीत ठेवलेले राहते ना?” मग राखीव भूमीचा आकडा शून्य केला, चौघांनी आपापले सामान पेट्यांत ठेवले, आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. नातवाच्या अंगावर त्याची तलवार परत आली. त्याने मोत्याला हात लावला. मोत्या उठला.

आता तेथे वेगळ्या तक्रारी चालतात. एकट्याच्या जगात जेवायला हाक मारली की खेळ थांबवता येई. आता बाकीचे आत असले की जग याच्यावाचून चालत राहते. रात्र संपवावयाची तर मूळ नियमाप्रमाणे आत असलेल्या सर्वांनी निजले पाहिजे, आणि बंगळुरचा मुलगा खाणीतून वेळेवर वर येत नाही. त्याच्या नावाने नातू रोज ओरडतो. जुनी प्रत आमच्या संगणकात अजून आहे. ती पुसू का, असे मी विचारले, तर नको म्हणाला.