बुद्धाचा नांगर आणि आजची कविता



आज तुमच्या हाती पदवी पडते आहे आणि तिच्यासोबत एक जबाबदारीही येते आहे: आपल्याला जे कळले ते इतरांपर्यंत नेण्याची. हे काम किती कठीण आहे, ते एका प्रश्नाच्या आधारे मी मांडणार आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा बुद्धविचार आजच्या मराठी वाचकाच्या मनात कसा रुजवायचा? माझे उत्तर असे, की हे काम कवितेवाचून पुरे होणार नाही. मात्र त्या कवितेने मूळ ग्रंथांचा अभ्यास आणि आजच्या माणसाचे जगणे या दोन्हींशी इमान राखले पाहिजे. यातले एक जरी सुटले तरी हाती नुसती सुभाषिते उरतात. या नगर जिल्ह्यात उभे राहून हे बोलताना पुरावे लांबून आणावे लागत नाहीत. नेवासे, नगरचा भुईकोट किल्ला आणि अकोले तालुका यांनी ते आपल्यापुढे ठेवले आहेत.

बुद्धविचार आणि कविता यांची गाठ मुळातच पडलेली आहे. धम्मपदात ४२३ गाथा आहेत. थेरगाथा आणि थेरीगाथा हे तर भिक्खू-भिक्खुणींच्या कवितांचेच संग्रह. लिहून ठेवण्याआधी कित्येक पिढ्यांनी हा ठेवा तोंडपाठ करून जपला, म्हणून छंद हवा होता, हे खरे. पण पाठांतराची सोय एवढ्याने या कवितेचा उलगडा होत नाही. सुत्तनिपात या पाली ग्रंथातले कसिभारद्वाज सुत्त पाहा. पेरणीच्या दिवसांत भारद्वाज नावाचा शेती करणारा ब्राह्मण भिक्षेला आलेल्या बुद्धांना सुनावतो, की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तुम्हीही तसेच करा. बुद्ध म्हणतात, मीही नांगरतो आणि पेरतो. मग तुमचा नांगर कुठे आहे, असे त्याने विचारताच ते एकेक भाग दाखवत जातात. श्रद्धेला बियाण्याचे काम दिले आहे, तपाला पावसाचे, प्रज्ञेला जू आणि नांगराचे, पापाच्या लाजेला इसाडाचे, म्हणजे नांगराच्या लांब दांड्याचे. स्मृती, म्हणजे क्षणोक्षणीचे भान, हिला मात्र दोन कामे दिली आहेत: ती फाळ आहे आणि बैल हाकायची पराणीही आहे. जमीन फोडते ती तीच आणि औत थांबू देत नाही तीही तीच. भान एकाच वेळी मनाचे टणक थर उकलते आणि आळसावलेल्या मनाला पुढे ढकलते, हे समजावून द्यायला भाष्यकाराला पाने खर्ची घालावी लागतील. औत हाकणाऱ्याला ते ऐकताक्षणी पटते. ही प्रतिमा विचारावर वरून चढवलेली नाही. तिच्याचमुळे तो विचार इतका नेमका झाला आहे.

पण आजची अडचण इथेच सुरू होते. राहुरी-श्रीरामपूरच्या शेतांत आता ट्रॅक्टर चालतो. इसाड आणि पराणी ही नावे तुमच्यापैकी अनेकांनी आजोबांच्या तोंडून ऐकली असतील. त्या वस्तू हाताळल्या असतील फार थोड्यांनी. ज्या प्रतिमेमुळे ती गाथा एकेकाळी लख्ख उजळली, तीच आज तळटीप मागते. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर मजकूर आणून देईल. पण भारद्वाजाच्या मनात जो उजेड पडला तो वाचकाच्या मनात पडेल, याची हमी त्याला देता येत नाही. अशी अडचण मराठीने एकदा सोडवली आहे, आणि तीही याच जिल्ह्यात. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९००० ओव्यांची टीका रचली. श्लोकांच्या जवळजवळ तेरा पट ओव्या का लागल्या? कारण प्रत्येक विचाराला ऐकणाऱ्याच्या घरातले, शेतातले, नदीकाठचे दाखले देऊन तो त्यांनी नव्याने उभा केला. तो ग्रंथ वेगळा, त्याचे दर्शनही वेगळे. पण ती रीत बुद्धविचारासाठीही उचलण्यासारखी आहे.

गेल्या शतकात ती उचललीही गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला, आणि तोही इंग्रजीत. दीक्षा घेतलेला माणूस आणि त्याच्यासाठी लिहिलेला ग्रंथ यांच्यामध्ये भाषेची आणि अक्षरओळखीची दरी होती. ती भरून काढण्यात गायक-कवींचा वाटा मोठा आहे. शेजारच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर वस्त्यावस्त्यांतून गात हिंडले. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांनी छापील कवितेत तेच काम पुढे नेले. ‘कोंडवाडा’ आणि ‘बलुतं’ लिहिणाऱ्या या कवीची बुद्धावरची कविता लेण्यांतली मिटल्या ओठांची, ध्यानस्थ मूर्ती बाजूला ठेवते आणि दीनदुबळ्यांच्या झोपड्यांतून फिरणारा, त्यांच्याशी बोलणारा बुद्ध शोधते. कुणाला ही परंपरेची मोडतोड वाटेल. पण भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ विनयपिटक उघडून पाहा: कुणी विचारपूस न केलेल्या आजारी भिक्खूला बुद्ध आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घालतात. थेरगाथेत निर्माल्य झाडून उचलणारा, लोकांनी हिणवलेला सुनीत बुद्धांकडे प्रव्रज्या, म्हणजे भिक्खू होण्याची दीक्षा, मागतो आणि ती त्याला मिळते. कोरीव मूर्तीपेक्षा अकोल्याच्या या कवीचा बुद्ध जुन्या पाली वाङ्मयाला अधिक जवळचा आहे. नव्या कवितेने जुन्या सत्यावरची धूळ झटकली, असा याचा अर्थ.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो खुद्द बौद्ध परंपरेतून येतो. संयुत्तनिकाय या पाली सुत्तसंग्रहातल्या ‘आणिसुत्ता’त बुद्ध एका नगाऱ्याची गोष्ट सांगतात. नगारा तडकत गेला, मालक दर वेळी नवी खुंटी ठोकत गेले, आणि अखेर मूळ नगारा नाहीसा होऊन नुसत्या खुंट्या उरल्या. पुढे खोल अर्थाची सुत्ते ऐकायला कुणी बसणार नाही, कवींच्या नटव्या रचनांकडेच लोक कान देतील, आणि माझ्या वचनांची अशी गत होईल, हा त्यांचा इशारा. तो आज खरा ठरताना दिसतो. बुद्धांच्या नावाने मोबाइलवर फिरणाऱ्या कितीतरी गोड ओळी कुठल्याच पिटकात सापडत नाहीत. पण याच संयुत्तनिकायात वंगीस या कवी-भिक्खूच्या गाथांना एक अख्खा विभाग दिलेला आहे. तेव्हा इशारा मूळ सोडून सजलेल्या कवितेला आहे, सगळ्या कवितेला नाही, आणि त्यावरचा उपाय अभ्यास हा आहे. तो कसा करायचा याचा नमुना नगरच्या किल्ल्यात आहे. १९४२च्या आंदोलनात तिथे कैदेत असलेल्या समाजवादी नेते आचार्य नरेंद्र देव यांनी प्राचीन बौद्ध आचार्य वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चे हिंदी भाषांतर हाती घेतले, तेही पूसँ या पंडिताच्या फ्रेंच अनुवादावरून. त्यांच्या ‘बौद्ध धर्म दर्शन’ या ग्रंथाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लक्षात घ्या, ‘अभिधर्मकोश’ हा अत्यंत काटेकोर शास्त्रग्रंथ. तरी वसुबंधूने आधी पद्य कारिका रचल्या आणि मग त्यांवर गद्य भाष्य लिहिले. काटेकोरपणाचे पद्याशी वैर नाही, हे त्याने करून दाखवले.

दुसरा आक्षेप असा, की धर्मानंद कोसंबींसारख्या विद्वानाने सुत्तनिपात मराठीत आणला असताना पुन्हा कविता कशाला? कोसंबींचे ऋण मोठे आहे. त्यांचे काम नसते तर मराठी कवीला पाय टेकायला जागाच मिळाली नसती. पण गद्य अनुवाद बुद्ध काय म्हणाले ते सांगतो. ते बोलणे आपल्यालाच उद्देशून आहे, ही जाणीव कविता देते. वाचकाला दोन्ही हवे आहे. तिसरी तक्रार दया पवारांसारख्यांच्या विद्रोही कवितेबद्दल आहे: तिच्या धगीत बुद्धांची शांती हरवते म्हणे. ही तक्रार करणाऱ्यांनी थेरीगाथेतली पुण्णिका वाचावी. पाणी भरणारी ही दासी थंडीत नदीत उतरलेल्या ब्राह्मणाला विचारते, की स्नानाने पाप धुतले जात असेल तर बेडूक आणि कासवेही स्वर्गाला जातील का? तिच्या आवाजात धार आहे आणि मनात द्वेष नाही. ऐकणाऱ्याचे कल्याण व्हावे म्हणूनच ती बोलते. शांती म्हणजे अन्यायापुढे गप्प बसणे, असे त्या गाथा कुठेही मानत नाहीत.

मित्रहो, तुम्ही सगळे कवी होणार नाही, आणि तशी गरजही नाही. पण मूळ पालीपर्यंत जाण्याची चिकाटी तुमच्यातल्या काहींनी धरली पाहिजे. जे शिक्षक होतील त्यांनी एखादी गाथा शिकवताना मुलांना त्यांच्याच गावातला दाखला शोधायला लावावा. शेतीत, दवाखान्यात, कचेरीत काम करणाऱ्यांकडे आजच्या जगण्याचे जे तपशील असतील, त्यांतूनच उद्याच्या कवीला त्याचा फाळ आणि त्याची पराणी मिळणार आहे. बुद्धांनी आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना निरोप देताना सांगितले होते, की लोकांच्या हितासाठी हिंडा, आणि दोघांनी मिळून एका वाटेने जाऊ नका. आज तुमच्या वाटाही वेगळ्या होत आहेत. ज्या वाटेने जाल तिथल्या माणसांची भाषा शिका, आपल्याला उमगलेले त्यांच्या भाषेत मांडा, आणि मांडताना मुळाशी प्रामाणिक राहा.